शिदूचा खुराक

करंजवाडीत शिदू पैलवानाचं नाव काढलं की म्हातारी माणसं अजून हळहळतात आणि एकच गोष्ट सांगतात, "पोराला दिष्ट लागली." कुणाची, असं विचारलं तर कुस्तीतल्या वैऱ्यांच्या, परंदवडीच्या दिशेनं हात करतात. परंदवडीकर बिचारे कसली दृष्ट लावणार! शिदू पंचविशीही न गाठता गेला तो कुणाच्या वाईट नजरेनं नव्हे. सगळ्या गावानं त्याला डोळ्यांत तेल घालून जपलं होतं. त्याचं वाईट चिंतणारा एकही माणूस त्याला भेटला नाही, आणि तिथंच सगळं अडलं.

शिदू मुळात गावचा नव्हताच. वर डोंगराच्या कुशीत महादेव कोळ्यांची दहा-बारा घरांची वाडी होती, तिथला तो. बाप सावळा लवकर गेला. आई चिमाबाई मोळी, करवंदं, हिरडा, जे हाताला लागेल ते तळेगावच्या बाजारात डोक्यावरून नेऊन विकायची. दोन पोटं भरायची म्हणजे तिच्या नाकी नऊ येत. म्हणून मिसरूड फुटायच्या कितीतरी आधी शिदू खाली करंजवाडीत कोंडाजीआबांच्या म्हशी राखायला आला. एकदा माजलेलं रेडकू दावं तोडून उधळलं, तर या पोरानं त्याचे कान धरून ते जमिनीवर लोळवलं. हौशीराम वस्ताद तेव्हा पारावर तंबाखू मळत बसला होता. त्याची तंबाखू तशीच हातात राहिली. त्याच दिवशी त्यानं शिदूला तालमीत नेलं, आणि म्हशींना दुसरा राखण्या शोधावा लागला.

करंजवाडीची एक रीत होती. गावाचा पैलवान एकदा ठरला की त्याचा खुराक गावानं करायचा. घरोघर पाळी लागे. ज्या घरची पाळी, त्या घरच्या बाईनं दिवस उगवता धारोष्ण दुधाचा तांब्या घेऊन तालमीच्या दाराशी यायचं. बाईमाणूस आत पाऊल टाकत नसे. पैलवानानं बाहेर येऊन तिच्या देखत तांब्या तोंडाला लावायचा, तळ दिसेपर्यंत प्यायचा आणि रिकामा तांब्या पालथा धरून दाखवायचा. फार पूर्वी कुणी एक पैलवान पाळीचं दूध गुपचूप चहाच्या दुकानाला घालत होता म्हणे. तेव्हापासून दूध नुसतं पोचवून भागत नसे, ते पोटात गेलेलं डोळ्यांनी पाहावं लागे. घरात नातवंडं कोऱ्या चहात भाकरी बुडवून खात, पण पैलवानाचा तांब्या कधी पाण्यानं वाढला नाही. वर ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणं तूप असे, बदाम असत, खडीसाखर असे. नाही म्हणायची सोय नव्हती. एका घरचं दूध नाकारलं तर त्या घराचं नाक कापल्यासारखं होई.

डोंगरावर नाचणीची आंबील पिऊन वाढलेलं ते पोर दोन-तीन वर्षांत असं भरलं की मान आणि खांदा यांतला फरक कळेना. बायडाबाई म्हणून एक खमकी म्हातारी होती, ती तर शिदू तांब्या संपवेस्तोवर कमरेवर हात ठेवून त्याच्या कंठाकडे बघत उभी राहायची. "घोट वाजला पायजे," म्हणायची. तिला स्वतःचं लेकरू नव्हतं. शिदूच्या कंठातून दूध उतरताना तिच्या तोंडावर जे समाधान दिसे, ते पाहून कुणीही पाघळला असता. शिदूही पाघळायचा. उपाशी वाडीत जन्मलेल्या पोराला सगळा गाव आई होऊन भरवत होता, त्याला ते कसं नको होईल?

सतराव्या वर्षी त्याची तहान वाढली. रांजणच्या रांजण पाणी रिचवायचा, आणि जितकं प्यायचा तितकं बाहेर टाकायला उठायचा. तालमीच्या मागच्या भिंतीशी सकाळी काळ्या मुंग्यांची रांग लागलेली दिसायची. पोरं खिदळायची, "शिदू गूळ मुततोय, गूळ!" वस्तादानं ते पाहिलं आणि मिशीवर हात फिरवला. "ताकद सांडाय लागलीया," तो म्हणाला. "घडा भरला की सांडतोच. आता ह्यो पोरगा जत्रंत कुनाला ऐकत न्हाई." मग शिदू जोर मारताना धापा टाकू लागला, मांड्यांत गोळे येऊ लागले, तेव्हा त्याच वस्तादानं खुराक कमी पडतोय असं अनुमान काढून आणखी एका घरची पाळी जोडून दिली. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक.

त्या साली, म्हणजे एकोणसत्तर साली, पुण्याहून डॉक्टरांचं एक पथक मावळात फिरत होतं. वयात येणाऱ्या पोरांना ते तपासत. वजन, पोटाचा घेर, रक्तदाब, छातीचे ठोके, लघवीतली साखर. शहरातल्या सुखवस्तू माणसांना होणारे हृदयाचे आणि साखरेचे रोग खेड्यात कोवळ्या वयातच मूळ धरतात का, हे त्यांना पाहायचं होतं. शाळा उरकून ते करंजवाडीच्या तालमीकडे वळले. हौशीराम वस्तादाला वाटलं, सरकार पैलवानांची परीक्षा घ्यायला आलंय. त्यानं पोरांना पहाटेपासून तेल लावून चकचकीत केलं, खडीसाखर घालून घोटलेली थंडाई पाजली, आणि बैलांच्या प्रदर्शनात जातिवंत खोंड पुढं काढावा तसा शिदूला सगळ्यांत पुढं उभा केला.

चष्मेवाल्या डॉक्टरांनी शिदूच्या दंडाला पट्टा बांधून फुगवला, पुन्हा बांधला, पुन्हा फुगवला. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग पोरांनी एकमेकांना ढोसत, लाजत बाटल्या भरून आणल्या. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात थेंब थेंब लघवी, आणि खाली स्पिरिटचा दिवा. एकेकाची नळी उकळली तरी निळी ती निळीच. शिदूची नळी मात्र आधी हिरवी झाली, मग पिवळी, मग बघता बघता विटेसारखी लालभडक. मग वस्तादानं आनंदानं शड्डूच ठोकला.

"बगा, बगा! तांबडी माती अंगात मुरलीया पोराच्या! पार रगतातनं पान्यात उतरली!"

पोरांनी एकच गिल्ला केला. आखाड्याच्या लाल मातीत तेल, ताक, हळद घालून ती पैलवानाच्या अंगात मुरवायची, हे जे आयुष्यभर करत आले त्यांना नळीतली लाली दुसरी कशाची वाटणार? निळ्या नळ्यांची पोरं खाली माना घालून उभी राहिली. एकदोघांना तर रडूच फुटायचं बाकी होतं. डॉक्टर हात हलवून "अहो, तसं नाही, ऐका जरा" म्हणत होते, पण तोवर हलगी आणायला माणूस धावला होता.

निघण्यापूर्वी त्यांनी शिदूला गाडीच्या आडोशाला घेतलं. "तुझ्या रक्तात साखर फार वाढलीय. रक्तदाबही वाढलाय. तुझं वय हे होण्याचं नाही, म्हणून जास्त काळजी वाटते. दूध, तूप, साखर, थंडाई सगळं बंद कर. भाकरी, भाजी, आमटी खा. कुस्ती आत्ता नको. आणि आठवडाभरात पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ये, तिथं औषध सुरू करू."

"न्हाई केलं तर?" शिदूनं विचारलं.

डॉक्टर सरळ माणूस होता. "डोळे जातील, मूत्रपिंडं जातील, पायाची जखम भरणार नाही. हृदयावर ताण येईल. एखाद्या दिवशी बेशुद्ध पडशील तो उठणार नाहीस. आणि केलंस, तर म्हातारा होशील."

शिदू घाबरला. खरंच घाबरला. मातीत समोर कुणीही उभा राहिला तरी जो मागं सरत नसे, तो त्या दिवशी तालमीच्या वाटेवर दोनदा थांबून गाडीकडे वळून पाहत राहिला. दाराशी बायडाबाई तांब्या घेऊन उभी होती. लाल नळीची वार्ता तिच्यापर्यंत पोचली होती, म्हणून आज दुधात जास्तीची खडीसाखर होती.

"मावशी, आज माजा उपास हाय," शिदू म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही त्याला.

"मंग बेस झालं की! उपासाला दूधच चालतंय," बायडाबाई म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शिदूनं तांब्या पालथा धरून दाखवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं वस्तादाला डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. वस्ताद ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. वेडा नव्हता तो. पण चैत्राची जत्रा तोंडावर आली होती, आणि परंदवडीच्या बजरंगशी शिदूची जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती ठरून गेली होती. आधीच्या दोन वर्षी करंजवाडीनं मान घालवला होता. "तेवढी जत्रा हूं दे," वस्ताद म्हणाला. "मंग मी स्वता तुला पुन्याला नेतो. आईची आन." तो खोटं बोलत नव्हता. पण जत्रेनंतर पुढच्या गावची जत्रा असते, आणि त्यानंतर आणखी कुठली, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग शिदू कोंडाजीआबांकडे गेला. आबा गावातले सगळ्यांत शहाणे. त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. शिदू उंबऱ्याखाली बसला आणि म्हणाला, "आबा, मला साखरंचा रोग झालाय म्हनं."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आरं, साखर शेटसावकाराला व्हती! गादीवर बसून लाडू हाननाऱ्याला. तू कोळ्याचं पोर. तुज्या वाडीत साखरंचा खडा तरी बगितलाय का कुनी? रेशनावर साखर मिळंना झालीया, आन तुज्या अंगात कुटनं आली?" मग त्यांना एकदम शंका आली आणि ते गंभीर झाले. "त्या डाक्तराला परंदवडीकरांनी तर न्हाई ना धाडला?"

शिदूनं खूप सांगून पाहिलं. जितकं सांगावं तितकी आबांची शंका पक्की होत गेली. शेवटी त्यांनी शिदूच्या पाठीवर हात ठेवला आणि खऱ्या मायेनं म्हणाले, "तू भिऊ नगंस. गाव हाय तुज्या मागं."

गाव मागं होताच. पुढं जायला वाट होती कुठं? आठवड्यानं शिदू धाडस करून, घोंगडी पांघरून, तळेगाव स्टेशनावर जाऊन उभा राहिला. पुण्याच्या गाडीला देहूरोडच्या डेपोत कामाला जाणारी माणसं असतात, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. करंजवाडीचा नथू डबा हातात घेऊन समोरच उभा.

"पैलवान? कुटं चाललास रं?"

"पुन्याला. दवाखान्यात."

नथू एवढंएवढंसं तोंड करून बघत राहिला. जत्रेच्या तोंडावर गावचा पैलवान दवाखान्यात! हे शेजारच्या वराळ्यात कळलं असतं, वराळ्यातून परंदवडीत गेलं असतं. त्यानं त्या दिवशीची हजेरी बुडवली आणि शिदूच्या खांद्यावर हात टाकून त्याला घरी परत आणला. वाटेत एकदाही रागावला नाही. उलट स्टेशनाबाहेर त्याला भजी आणि पेढा खाऊ घातला. दुसऱ्या दिवसापासून शिदू एकटा कुठं जाणार नाही याची गावानं काळजी घेतली. परसाकडं गेला तरी मागं कुणीतरी टमरेल घेऊन असायचंच. त्याला दटावलं कुणी नाही, कोंडलं नाही. फक्त एकटं सोडलं नाही. कुणी हातपाय बांधले असते तर शिदूनं हिसडा मारून दोर तोडले असते. हे तोडायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा त्याच्या मनात हरायचं आलं.

पैलवान हरला, तेही दोन वर्षांनी मिळणारा मान घालवून, म्हणजे गाव त्याला टाकणार. तांब्या बंद होणार. चार दिवस लोक थुंकतील, मग विसरतील. मग वर वाडीत जाऊन नाचणीची भाकरी खावी, आणि हळूच एकदा पुणं गाठावं. विचार पक्का झाला तसं त्याला हलकं वाटलं. कितीतरी दिवसांनी तो पोरांच्यात हसला. मध्येच कोंडाजीआबांनी जाहीर केलं की शिदू जिंकला तर गाव त्याच्या आईला गाभण म्हैस देणार. ते ऐकूनही त्यानं विचार बदलला नाही. आईला म्हशीपेक्षा पोरगा लागेल, असं त्यानं स्वतःला बजावलं.

जत्रेच्या दिवशी फड माणसांनी फुलून गेला होता. चिमाबाईला आबांनी मुद्दाम माणूस धाडून वाडीवरून आणवलं होतं आणि पाटलाच्या लेकी-सुनांशेजारी घोंगडीवर बसवलं होतं. वाडीची बाई त्या घोंगडीवर आजवर कधी बसली नव्हती. ती अंग चोरून, पदराचं टोक दातात धरून बसली होती. तिला शिदूच्या दुखण्यातलं काही ठाऊक नव्हतं. कसरतीच्या दिवसांत त्याला वाडीवर जायची परवानगी नव्हती, आणि निरोपात असलं काही सांगता येत नाही.

हलगी कडाडली. बजरंग चांगला पोरगा होता, ताकदीचा, पण घायकुतीला येणारा. त्यानं सलामी झडताच खाली वाकून शिदूचे पाय ओढत पट काढला. शिदूनं पाय सोडून दिले. फडातून "अरारारा!" असा सूर उठला. शिदू खाली पालथा, बजरंग वर. आता बजरंगनं घिस्सा ओढून त्याला उलथायचं, शिदूनं अंग ढिलं सोडायचं, पाठ मातीला लागायची आणि सुटका. शिदूनं डोळे मिटले. खांदा मातीला टेकायला बोटभर अंतर राहिलं होतं. मनातल्या मनात तो म्हणत होता, "लाव गड्या, लाव. वढ." आणि नेमका तेव्हाच बजरंग घाईनं पुढं झुकला, त्याचा तोल गेला, आणि शिदूच्या अंगानं धन्याला न विचारता खालच्या खाली पालटी मारली. हात आपोआप गेला, मान आपोआप सापडली. शिदूनं डोळे उघडले तेव्हा बजरंगची पाठ मातीला लागलेली होती आणि आभाळ बघत तो खाली पडला होता.

सहा वर्षं त्या अंगाला एकच गोष्ट शिकवली होती. हरायची तालीम त्याला कुणी दिलीच नव्हती.

माणसं फडात घुसली. वस्ताद लहान पोरासारखा रडत होता. नथूनं शिदूला खांद्यावर घेतलं, फेटे उडाले, बायडाबाईनं बोटं मोडून दृष्ट काढली. शिदूही रडत होता. लोकांना वाटलं, आनंदानं. कुणीतरी पेढ्यांचं पुडकं आणलं आणि मूठभर पेढे त्याच्या तोंडात कोंबले. हात जोडून "नगं, नगं" म्हणणाऱ्या पैलवानाचं गावाला आणखीच कौतुक वाटलं. त्या संध्याकाळी ठरलं की एवढ्या मोठ्या पैलवानाला दोन तांब्यांत काय होणार, आता दुपारचीही पाळी लावू. कुणाची आधी, यावरून बायकांत भांडण झालं.

म्हैस वाडीवर गेली. महिन्याभरानं ती व्याली, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत चिमाबाई डोंगर उतरून तालमीच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या डोक्यावर फडक्यात बांधलेलं पातेलं होतं. आजवर ती या दाराशी कधी आली नव्हती. यायला हातात काही लागतं.

शिदू बाहेर आला. तिनं दारातल्या दगडावर बसून फडकं सोडलं. पातेल्यात खरवस होता, भरपूर गूळ घातलेला, तांबूस, अजून कोमट.

"पैल्या चिकाचा हाय," ती म्हणाली. "निम्मा गूळ शेजारच्या लीलाबाईनं दिला, निम्मा मी घेतला. हात आखडला न्हाई म्या."

"आये," शिदू म्हणाला. दुसरं कुणी जवळ नव्हतं. बोलायला अशी वेळ पुन्हा मिळाली नसती. "आये, त्यो डाक्तर आलता ना..."

"ऐकलं मी समदं. लाल रंग आला म्हनं तुजा. वाडीवर समद्यांनी ऐकलं." तिनं खरवसाचा तुकडा बोटांनी मोडला. "तू पोटात व्हतास तवा मला भाताची पेज मिळंना. जलमलास तवा माज्या अंगावर दूध न्हवतं रं. तुजा बाप शेजारनीच्या दारात तुला घिऊन जायाचा, तिचं लेकरू पिऊन उरलं तर तुला. गावानं तुला पाजलं, बरं केलं. पन माज्या हातचं तुज्या पोटात कदी काय गेलंच न्हाई. आज घिऊन आलेय. खा."

शिदूनं तिच्याकडे पाहिलं. बायडाबाईला उपासाची थाप मारता आली होती, आबांशी वाद घालता आला होता, गावापासून पळूनही पाहिलं होतं. डॉक्टरांचे शब्द त्याला एकूणएक पाठ होते.

त्यानं आ केला. चिमाबाईनं पहिला घास त्याच्या तोंडात घातला.

"गोड झालाय का?"

"व्हय, आये," शिदू म्हणाला, आणि दगडावर तिच्या शेजारी बसून त्यानं पातेलं संपवलं. तळाशी थोडा पाक उरला होता. चिमाबाईनं तो बोटानं निपटून काढला आणि त्याला चाटवला.